झाडीपट्टीत चार दिवस: तलावांच्या गावांतून पायी आणि सायकलने

नागपूरहून गोंदियाकडे रेल्वेने निघा. भंडारा रोड मागे पडलं की खिडकीबाहेरचा कापूस संपतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा घातलेलं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं शेत. दोन-चार गावांआड एक तलाव, तलावाच्या पाठीशी जंगल. भंडारा, गोंदिया आणि त्यांना लागून असलेला चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टा मिळून ही झाडीपट्टी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि 1 मे 1999 रोजी त्यातूनच वेगळा झालेला गोंदिया जिल्हाही तसाच पाण्याचा आहे.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात वाढलो. गेली काही वर्षं पुण्या-नाशिकचे मित्र, त्यांची मुलं, त्यांचे सहकारी हिवाळ्यात इकडे येतात आणि मी त्यांच्याबरोबर हिंडतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, वाघ दिसेल का? जिप्सीत बसून वाघ बघायचा तर नागझिरा इथेच आहे, जरूर जा. पण हा मुलूख कळायला पाय आणि सायकल लागते, आणि एका गावात टिकून राहण्याची तयारी लागते. रोज हॉटेल बदलून पाच ठिकाणं उरकणाऱ्याला इथे फक्त रस्ता दिसतो. म्हणून खालचं सगळं नियोजन एकाच गावातल्या मुक्कामावर बेतलेलं आहे.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य, हा काळ पहिल्यांदा येणाऱ्यासाठी सर्वात चांगला. धान कापणीला आलेलं किंवा नुकतंच कापलेलं असतं, तलाव भरलेले असतात, उत्तरेकडून बदकं आलेली असतात. थंडी मात्र हलकी समजू नका. गोंदियाचा पारा हिवाळ्यात कित्येकदा विदर्भात सर्वांत खाली असतो आणि पहाटे तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे मातीच्या बांधावरचा, वारा अंगात शिरतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. अख्ख्या रानाला त्यांचा गोड, उग्र वास येतो. तो वास एकदा घ्यावा असं मलाही वाटतं, पण नवख्यांना मी त्या दिवसांत बोलवत नाही. कारण पुढे येईलच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा सायकलचा विचारही नको. पावसाळ्यात यायचं असेल तर तलावांऐवजी सालेकसा तालुक्यात जा. मुंबई-हावडा मार्गावरच्या दरेकसा स्टेशनपासून हाजरा फॉलला पायी जाता येतं. त्याच बाजूला कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. ते गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. तिथे जाताना देवळात जातो तसं जायचं.

मुक्काम आणि सायकल

पहिल्या खेपेला नवेगावबांध किंवा त्याच्या आसपासचं एखादं गाव निवडा. नागपूरहून रस्त्याने साकोलीपर्यंत रायपूरचा महामार्ग आहे, तिथून आत वळायचं. रेल्वेने यायचं तर गोंदियाला उतरून चांदा फोर्टकडे जाणारी पॅसेंजर पकडायची. नवेगावबांधला देवलगाव स्टेशन जवळ पडतं, अर्जुनीलाही उतरता येतं. या मार्गावर दिवसभरात गाड्या मोजक्याच असतात. आधी पॅसेंजरची वेळ बघा आणि मग मुंबई-पुण्याचं तिकीट काढा. उलटं केलं तर गोंदियाच्या फलाटावर अर्धा दिवस जातो.

राहायला सरकारी विश्रामगृहं आहेत, खासगी खोल्या आहेत आणि ओळखीतून एखादं घरही मिळतं. मला घर आवडतं. घरात राहणार असाल तर जेवणाचे आणि राहण्याचे पैसे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठरवा. इथली माणसं संकोचाने रक्कम सांगत नाहीत, ‘द्या जी, काय द्याचं तं’ म्हणतात, आणि मग दोन्हीकडे अवघडल्यासारखं होतं. ताटात काय येईल तेही सांगतो. वाफाळता भात, लाखोळीची डाळ, तलावातले मासे किंवा झिंगे, अंबाडीची भाजी. ‘सांबार घालू का’ असं विचारलं तर हो म्हणा, विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. घरी चिन्नोर तांदूळ असेल तर भात शिजताना वासावरूनच कळेल.

सायकल स्वतःची आणणं उत्तम. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ती लगेज म्हणून बुक करता येते. हँडल, पेडल आणि मागचा गिअर जुन्या चादरीने बांधा. स्वतःची नसेल तर गावातली साधी काळी सायकल मागून घ्या. रस्ते सपाट आहेत, गिअर नसले तरी अडत नाही. अडतं ते काट्यांपाशी. तलावाच्या पाळीवर आणि मुरमाच्या वाटांवर बाभळीचे काटे पसरलेले असतात. रुंद टायर, दोन जादा ट्यूब, हवेचा पंप, ठिगळं आणि सोल्यूशन जवळ हवंच. घरी एकदा पंक्चर काढून बघा. रानात पहिल्यांदा शिकायला बसलात तर ऊन डोक्यावर येतं.

बाकी सामान थोडं पुरतं. मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे, पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंतचे बूट, कानटोपी, माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखरेची पाकिटं, डासांचं मलम, टॉर्च. दुर्बीण एखादी तरी असावी, आठ पट मोठं दाखवणारी पुरे. एक दुपट्टा आठवडी बाजारात विकत घ्या. थंडीत कानाला, उन्हात डोक्याला, ओढ्यावर अंग पुसायला, रात्री नाटकात बसायला, सगळीकडे तोच.

पहिला दिवस: सायकलला हात लावू नका, पाळीवर चाला

आल्या आल्या किलोमीटर मोजायला निघायची घाई असते. पहिला दिवस पायी काढा. तलाव कसा चालतो हे एकदा समजलं की पुढचे तीन दिवस आपण काय बघतोय ते कळतं.

हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ही विद्या इथे रुजवली. जंगलाच्या उताराखाली जागा हेरायची, ओढा मातीच्या पाळीने अडवायचा आणि खाली धानाच्या बांध्या करायच्या. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, म्हणून पाळीला इथे ‘पार’ म्हणतात आणि पाण्याला ‘पानी’. नवेगावचा मोठा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटर. भोवतीच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. बांध पुरा करायला या बहिणींनीच हात दिला अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव मानणारा हा मुलूख आहे, इथल्या पाण्यात पाय घालण्याआधी एवढं माहीत असावं.

पाळीवर चालताना तुडूम शोधा, म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायची जागा. मागच्या डिसेंबरात एका लहान तलावावर मला एका ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, काकांनी ते नीट दाखवलं. पाळीच्या आतल्या अंगाला पाण्यात उतरणारं दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी गुडदी, म्हणजे बूच. तलाव भरलेला असताना वरची गुडदी काढायची. पाणी उतरलं की त्याखालची. म्हणजे पाण्याचा जोर कधीच अंगावर येत नाही आणि वरचं, उन्हाने कोमटलेलं पाणी आधी शेतात जातं. काकांनी ओली, काळी पडलेली गुडदी माझ्या हातात दिली. मनगटाएवढी जाड, आणि एका टोकाला कित्येक हातांनी धरून गुळगुळीत झालेली. ‘हे सरकलं तं अख्खी बांधी बुडते जी,’ म्हणाले, आणि परत घेऊन ठोकून बसवली.

पुढे सांडवा दिसेल. जादा पाणी तिथून निघून खालच्या गावच्या तलावात जातं, तिथून त्याखालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान, बहुतेकदा एखाद्या घराण्याची तळी. ही साखळी ध्यानात ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी सायकलने तुम्ही याच साखळीवरून उतरणार आहात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडलं. लोक सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. निगा राखणारं कुणी उरलं नाही तशी अनेक तलावांत बेशरम नावाचं झुडपी तण माजलं आणि गाळ साचला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातल्या बायांनी काही तलावांतली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती परत लावल्या आहेत. असा साफ केलेला तलाव आणि बेशरमने भरलेला तलाव एकाच दिवशी बघा. एकात कमळपक्षी, अडई, वारकरी असे पाणपक्षी गजबजलेले असतात, दुसऱ्यात शांतता असते.

पोहायचा मोह होईल. आधी विचारा. गाळात पाय रुततो, कमळाचे देठ पायाला गुंडाळतात, आणि तुडूम उघडं असेल तिथली ओढ वरून दिसत नाही. शिवाय मासेमारीचा ठेका बहुतेक ढिवरांच्या सोसायटीकडे असतो आणि पाण्याखाली जाळी लावलेली असतात. गावातली पोरं जिथे उतरतात तिथेच, आणि कुणीतरी काठावर असतानाच उतरा.

दुसरा आणि तिसरा दिवस: सायकल

सवय नसलेल्याने दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच धरावेत. ऐकायला कमी वाटतात, पण प्रत्येक पाळीवर अर्धा तास थांबायचं आहे. सूर्य वर आल्यावर निघा, साडेअकरापर्यंत एखाद्या गावच्या चौकात पोचा, चहा-पोहे घ्या, दुपार सावलीत काढा आणि तीननंतर परतीला लागा.

एक दिवस लहान तलावांच्या साखळीला द्या. नकाशात उपग्रहाचं चित्र उघडलं की जंगलाच्या कडेने निळे तुकडे एकाखाली एक दिसतात, त्यातले चार-पाच निवडा. वाट मोबाइलला विचारू नका, माणसांना विचारा. मोबाइल पांदणीतून नेतो आणि पांदण मध्येच बांधीत संपते. ‘कोनत्या गावचे जी तुमी?’ हा प्रश्न दिवसातून दहादा येईल. थांबून नीट उत्तर द्या. त्या प्रश्नामागे चौकशी असते तशी काळजीही असते, आणि पुढची वाट बरी की वाईट हे त्याच बोलण्यातून कळतं.

तिसऱ्या दिवशी अर्जुनीच्या पुढे गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाकडे जा. अंतर जास्त वाटलं तर सायकली टेम्पोत टाकून गोठणगावपर्यंत न्या आणि तिथून फिरा. त्या बाजूला प्रतापगडचा डोंगर आहे आणि 1972 मध्ये वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वस्ती आहे. धानाच्या शेतांमधून सायकल चालवता चालवता अचानक पताका आणि बौद्ध मठ दिसतो. हिवाळ्यात याच भागातल्या तलावांवर पट्टकादंब उतरतात, तेही हिमालय ओलांडून तिकडच्याच पठारांवरून आलेले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस सकाळी पाण्याकाठच्या गवतात चरताना दिसला तर सायकल आडवी ठेवा आणि बसून राहा. उभ्या माणसाला तो बिचकतो, बसलेल्याला बराच वेळ सहन करतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक, कारण ती प्रत्येक नवखा करतो. एका जानेवारीत सहा जणांना घेऊन चाललो होतो. जवळची वाट म्हणून मी सगळ्यांना कापणी झालेल्या बांधीतून सायकली ढकलत नेलं. धसकटं दिसत होती, शेत मोकळं वाटलं. धुऱ्यावरून एक म्हातारी मावशी ओरडत आली. तिने वाकून धसकटांमधला एक नाजूक, निळ्या फुलाचा वेल उचलून दाखवला. लाखोळी. धान उभं असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर तिचं बी फेकतात. त्याला उतेरा म्हणतात. कापणीनंतर नांगर न लावता तेच दुसरं पीक उभं राहतं. आम्ही सहा सायकलींनी तिच्या डाळीतून रस्ता पाडला होता. मी या मातीतला, मला कळायला हवं होतं. तिची क्षमा मागितली, भरपाई द्यायला गेलो तर तिने घेतली नाही, ‘धुऱ्यावरून जात जा’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून पहिल्या दिवशीच सगळ्यांना खाली बसवून लाखोळीचं रोप दाखवतो. तुम्हीही बघून घ्या. धुऱ्यावरूनच चाला, सायकल खांद्यावर घ्यावी लागली तरी.

जंगलाच्या कडेला

नवेगाव-नागझिरा हा 2013 मध्ये जाहीर झालेला व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी किंवा सायकलने शिरायचं नाही. सफारी हवी तर ऑनलाइन बुकिंग करा आणि कोणत्या दिवशी गेट बंद असतं ते आधी बघा. नागझिऱ्याला पिटेझरी किंवा चोरखमारा गेटने जाता येतं. एक सकाळ पुरे.

पण जनावरांना हद्द कळत नाही. तलावाच्या मागचं जंगल हद्दीबाहेर असलं तरी तिथे बिबट असतो, अस्वल असतं, वाघही फिरतो. त्यामुळे मी गुराख्यांचं वेळापत्रक पाळतो. ते सूर्य वर आल्याशिवाय रानाच्या कडेला जात नाहीत, आणि गुरं घरी परतायच्या आत आपणही परतायचं. एकट्याने चालायचं नाही. गप्पा मारत चाला. कानात हेडफोन अजिबात नको. गुराखी म्हणाला ‘आज तिकडं नका जाऊ जी’, तर कारण न विचारता वळा.

चालणाऱ्याला खरी भीती अस्वलाची. वाघ बहुधा आधीच बाजूला होतो, अस्वल खाण्यात गुंग असतं आणि दचकलं की अंगावर येतं. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली माणूसही वाकलेला असतो आणि अस्वलही. मार्च-एप्रिलमध्ये नवख्यांना न बोलावण्याचं कारण हेच. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गावंच्या गावं रानात जातात, तेव्हाही तिथे फिरायची हौस आपण करू नये.

अंधार पडल्यावर शेतातून आडवाटेने जाऊ नका. रानडुकरांना रोखायला काही ठिकाणी बांधाला विजेच्या तारा लावलेल्या असतात. ते बेकायदा आहे, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. रात्री फक्त रस्ता आणि टॉर्च. उंच झाडांना आग्यामोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर, दगड काही नको. साप चावला तर बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ न घालवता माणसाला न चालवता थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. 108 हा रुग्णवाहिकेचा आणि 1926 हा वनविभागाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी आणि रेंज दोन्ही दगा देतात. रोज निघताना कुठे चाललोय हे घरमालकाला सांगा, आणि मुक्कामाला आल्या दिवशी गावच्या पोलीस पाटलांना भेटा.

रात्री

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, कुठे दंडार हा लोकनाट्याचा खेळ, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची रंगभूमी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांवर उभी आहे. हिवाळाभर त्यांची नाटकं शेतातल्या मंडपांत होतात आणि उजाडेपर्यंत चालतात. तुमच्या मुक्कामात जवळपास नाटक असेल तर तिकीट काढाच. खाली तणस पसरलेली असते, त्यावर सतरंजी, अंगाभोवती दुपट्टा आणि घोंगडी. शेजारची माणसं तुम्हाला सरकून जागा देतील, मुरमुऱ्यांची पुडी पुढे करतील. जाणं-येणं मात्र गावातल्या लोकांबरोबर, मोठ्या रस्त्याने. दुसऱ्या सकाळची सायकल रद्द करा, पेंगत चालवण्यापेक्षा ते बरं.

चौथा दिवस: सारस

परतीचा रेल्वेप्रवास गोंदियाहून असेल तर शेवटची सकाळ सारसांसाठी ठेवा. महाराष्ट्रात हा क्रौंच मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पट्ट्यातल्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांवर. गोंदियाजवळच्या परसवाड्याच्या तलावावर तो दिसण्याची शक्यता चांगली असते. घरटं तो पावसाळ्यात बांधीतच करतो, भर धानात पाण्यावर काडीकचऱ्याचा ढीग घालून. म्हणजे त्याचं राहणं शेतकऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि अंडी दिसल्यावर तेवढा तुकडा न कापता सोडणारे शेतकरी इथे आहेत. त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर आधी त्यांच्याशी बोला, पक्षी नंतर बघा.

नियम थोडे आहेत. रस्त्यावरच थांबा, बांधीत उतरू नका. ड्रोन उडवू नका. जागेचा नेमका पत्ता टाकून फोटो लगेच सगळीकडे पाठवू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या येतात. धुकं असेल तर ते उठेपर्यंत सायकलला टेकून उभे राहा. आधी आवाज येतो, तुतारीसारखा, दोन मैलांवरून यावा तसा. मग धुक्यात दोन उंच राखाडी आकृती दिसतात, माणसाच्या छातीपेक्षा उंच, लाल मानेच्या. एक मान वर करून ओरडतो आणि त्याचा सूर संपायच्या आत दुसरी आपला सूर लावते. तेव्हा कॅमेरा खाली ठेवून ऐका. गाडीला अजून दोन तास असतात, आणि परसवाड्याहून स्टेशनपर्यंतचा रस्ता सपाट आहे.